रेशीमकोषातून हाडाला आधार

मराठवाड्यातील तुतीच्या मळ्यांतून निघणारे रेशीमकोष मुख्यतः कापडासाठी विकले जात असले, तरी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील डॉ. अनुया निसळ यांच्या संशोधनाने त्याच धाग्याला अस्थिउपचाराचे साहित्य मानले. रेशमात फायब्रॉइन हे मूळ प्रथिन आणि त्याला चिकटवणारे डिंकासारखे सेरिसिन असते. धुण्याच्या सोड्याच्या उकळत्या द्रावणात सेरिसिन निघून गेले, की उरलेले फायब्रॉइन विरघळवून त्याचा सच्छिद्र सांगाडा, म्हणजे पेशींना चिकटून वाढण्याजोगा आधार, घडवता येतो. ही छिद्रे एकमेकांना जोडलेली नसतील, तर रक्तवाहिन्या आत शिरत नाहीत, आणि खरी कसोटी बहुधा येथेच लागते. हा सांगाडा शरीरात हळूहळू विघटित होतो. धातूच्या पट्टीइतका भार मात्र तो पेलत नाही.