आधी माप, मग माल

कल्याण-शिळ रस्त्यावर प्रीमियरचा कारखाना होता. नव्वदच्या दशकात तिथे प्यूजो ३०९ तयार व्हायची. चालवायला फार गोड गाडी, पण काही वर्षांतच प्रीमियर आणि प्यूजोची भागीदारी मोडली आणि मालकांच्या नशिबी उरली ती सुट्या भागांची वणवण. म्हणून जोरकस गाडीचं इंजिन नव्यानं बांधायचं मनात असेल तर पहिला प्रश्न अश्वशक्तीचा नसतो. या इंजिनाचा माल बाजारात मिळतो का, हा असतो.

या कसोटीवर आपल्या भागात सगळ्यात सोयीचं इंजिन म्हणजे सुझुकीचं १.३ लिटरचं जी-१३. एस्टीम, जिप्सी, व्हर्सा आणि २००५ साली आलेली पहिली स्विफ्ट, सगळ्यांत त्याच घराण्यातलं इंजिन. भारतीय रॅलींमध्ये एस्टीम आणि जिप्सी वर्षानुवर्षं पळाल्या त्या याच्याच जोरावर. नऊशे किलोंच्याही आतली एस्टीम आणि सोळा व्हॉल्व्हचं इंजिन हा मेळ आजही घोडबंदर रोडवर एखाद्या नव्या गाडीवाल्याला आरशात बघायला लावतो. फक्त काउंटरवर गाडीचं नाव सांगून माल मागू नये. आठ व्हॉल्व्हच्या एस्टीमचे पिस्टन आणि सोळा व्हॉल्व्हचे पिस्टन वेगळे. गाडीचं साल, इंजिन नंबर आणि शक्य असेल तर जुना पार्ट हातात, एवढं घेऊनच दुकान गाठावं.

पण दुकान अजून लांब आहे. आधी इंजिन खोलायची खरंच गरज आहे का ते पाहायचं. इंजिन गरम करून चारही प्लग काढायचे, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर फिरवायचा आणि एकेका सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजायचं. या इंजिनात ते चौदा किलोच्या आसपास हवं. बाराच्या खाली गेलं, किंवा दोन सिलिंडरांत एक किलोहून जास्त फरक आला, तर दुखणं आहे. मग कमी भरलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजायचं. आकडा वर चढला तर रिंगा आणि बोअर झिजलेत. जिथल्या तिथे राहिला तर व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत किंवा हेड गॅस्केट गेलंय, आणि तेवढ्यासाठी कित्येकदा नुसतं हेड उतरवून भागतं. ‘पूर्ण इंजिन काम करून टाका साहेब’ हा सल्ला या चाचणीआधी मिळाला, तर दुसरं गॅरेज बघावं.

इंजिन खोललं की ब्लॉक, क्रँक आणि हेड मशीन शॉपमध्ये जातात. ठाण्याचं वागळे इस्टेट आणि डोंबिवलीची एमआयडीसी, दोन्हीकडे लेथ आणि ग्राइंडिंगवर आयुष्य काढलेली माणसं आहेत. या सगळ्या व्यवहारातला सर्वात महत्त्वाचा सल्लागार म्हणजे हा मशीनवाला. मेकॅनिकला अनुभव असतो, दुकानदाराला भाव माहीत असतो; मायक्रोमीटर मात्र याच्याकडे असतो. तो बोअर तीन उंचींवर मोजतो आणि प्रत्येक उंचीवर दोन दिशांनी, कारण झीज सगळीकडे सारखी नसते. ती वरच्या टोकाशी, जिथे रिंग थांबून उलटी फिरते तिथे जास्त असते, आणि पिस्टन ज्या बाजूला रेटला जातो त्या बाजूला जास्त. या मापांत ०.१० मिमीपेक्षा जास्त तफावत निघाली की बोअर मारणं आलं. ही सगळी मापं कागदावर लिहून मागावीत. लिहून द्यायला कंटाळणाऱ्या मशीनवाल्याकडे काम देऊ नये, भाव कितीही कमी सांगो.

इथे बहुतेकांचा क्रम चुकतो. उत्साहाच्या भरात ओव्हरसाइज पिस्टनचा सेट आधीच घेतला जातो, आणि मग कळतं की एका सिलिंडरमध्ये खोल ओरखडा आहे आणि ०.२५ मिमीमध्ये तो निघणार नाही, ०.५० लागणार. उलट टोकाची चूक म्हणजे पिस्टन हाती नसताना बोअर मारून घेणं. बोअर पिस्टनच्या मापाला मारायचा असतो. पिस्टन आणि भिंतीमध्ये ०.०२ ते ०.०४ मिमी जागा हवी, आणि नव्या सेटमधले चार पिस्टनही तंतोतंत एका मापाचे असतील असं नाही. म्हणून आधी मोजमाप, मग चारही पिस्टन एकाच ओव्हरसाइजचे, मग ते मशीनवाल्याच्या हाती देऊन बोरिंग आणि होनिंग.

आता माल. गॅस्केट, ऑइल सील, टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, बेअरिंग शेल हे नवंच घ्यायचं, त्यात काटकसर नको. स्थानिक दुकानात नसेल तर ऑपेरा हाउसचा स्पेअर पार्टचा बाजार. कंपनीच्या डब्यातला माल महाग वाटला तर त्याच दर्जाचे देशी उत्पादक आहेत: पिस्टन आणि रिंगांत उषा आणि गोएट्झे, व्हॉल्व्हमध्ये राणे, गॅस्केटमध्ये टालब्रोस. नकली मालाची भीती असतेच. घरी आणल्यावर चारही पिस्टन बारीक मोजणाऱ्या डिजिटल काट्यावर तोलून पाहावेत. वजनांत काही ग्रॅमचा फरक दिसला तर सेट सरळ परत.

काढीव, म्हणजे जुन्या गाड्यांतून काढलेल्या, मालासाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड. हेड, इनटेक मॅनिफोल्ड, सेन्सर, अल्टरनेटर अशा गोष्टी तिथे घ्यायला हरकत नाही; हेडवर मात्र सपाट पट्टी ठेवून बघावं आणि दोन व्हॉल्व्ह सीटांच्या मध्ये तडा नाही ना ते पाहावं. ब्लॉकची गोष्ट निराळी. इंजिन नंबर ब्लॉकवर कोरलेला असतो आणि तोच आरसी बुकात असतो. काढीव ब्लॉक बसवला की नंबर बदलला, म्हणजे बिल, मूळ गाडीचे कागद आणि आरटीओची मंजुरी हे सगळं आलं. एस्टीमचं उत्पादन थांबून इतकी वर्षं झाली की आज प्रत्येक एस्टीम पंधरा वर्षांपुढची आहे. नोंदणीच्या नूतनीकरणाला एमएच-०४ असो की एमएच-०५, तपासणी चुकत नाही. होता होईल तो आपलाच ब्लॉक वाचवावा.

ताकद कुठून येते, याबद्दल गैरसमज भरपूर. ७४ मिमीचा बोअर ७४.५ केला तर १२९८ सीसीचं इंजिन जेमतेम १३१६ सीसीचं होतं. एवढ्यानं काही उडत नाही; ओव्हरसाइज हा झीज काढण्याचा उपाय आहे. खरी कमाई हेडमध्ये असते: नीट कापलेल्या व्हॉल्व्ह सीट, लॅपिंग करून गळती थांबवलेले व्हॉल्व्ह, गॅस्केट आणि पोर्ट जुळत नसतील तिथे घासून काढलेली पायरी. हेडला फेस मारून कॉम्प्रेशन थोडं वाढवता येतं, पण हेड खाली आलं की बेल्टवर चालणाऱ्या कॅमशाफ्टचं टायमिंगही किंचित मागे सरकतं, हे ध्यानात ठेवावं. आणि पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं, म्हणून इंधनाच्या जुन्या रबरी नळ्या याच फेरीत बदलून टाकाव्यात.

होनिंग होऊन आलेला ब्लॉक धुणं हे काम सर्वात कंटाळवाणं, आणि इंजिनाचं आयुष्य त्यावरच ठरतं. पेट्रोलनं किंवा डिझेलनं दगडाची बारीक पूड पूर्ण निघत नाही. गरम पाणी, साबण आणि ब्रश, आणि पांढरं फडकं फिरवल्यावर ते पांढरंच राहीपर्यंत. मग लगेच ऑइलचा हात. जुलैमध्ये आपल्याकडच्या हवेत उघडा बोअर तासाभरात तांबूस होतो, म्हणून पावसाळ्यात काम काढलंच तर ब्लॉक ऑइल लावून प्लास्टिकमध्ये गुंडाळावा.

जोडणी करताना प्रत्येक रिंग तिच्याच बोअरमध्ये ठेवून टोकांमधली फट मोजायची. वरच्या रिंगेला ०.२० ते ०.३० मिमी. फट फारच कमी असली तर गरम झाल्यावर टोकं एकमेकांना भिडतात आणि रिंग तुटते. बेअरिंगची जागा तपासायला प्लास्टिगेजचा बारीक धागा येतो: तो क्रँकवर ठेवून कॅप आवळायची, उघडायची आणि धागा किती चपटा झाला ते पट्टीवर वाचायचं. बोल्ट टॉर्क रेंचनंच आवळावेत. ‘हाताला अंदाज आहे’ म्हणणाऱ्या मिस्त्रीचा अंदाज लोखंडी ब्लॉकवर चालून जात असेल. हा ब्लॉक ॲल्युमिनियमचा आहे, आटे सोलले जातात.

पहिल्या काही तासांतच रिंगा बोअरशी जुळतात, आणि त्यासाठी इंजिनावर मध्यम भार लागतो. कल्याण-शिळ रस्त्याच्या कोंडीत तासभर आयडलवर उभं राहणं हे नव्या इंजिनासाठी सर्वात वाईट. साधं मिनरल ऑइल भरून रविवारी पहाटे कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेजकडे निघावं. तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये आरपीएम एकसारखा न ठेवता वेग चढवायचा आणि ॲक्सिलरेटर सोडून इंजिनाच्याच ब्रेकवर उतरू द्यायचा. टोकावड्याच्या अलीकडे थांबून कूलंटची पातळी आणि हेडच्या कडेला ऑइल झिरपतंय का ते पाहावं. परत आल्यावर ऑइल आणि फिल्टर बदलायचा, आणि निघालेल्या ऑइलमध्ये चुंबक फिरवून पाहायचं. थोडी करडी पूड चालेल. टोचणारा कण सापडला तर गाडी पुन्हा सुरू करू नये. हजार किलोमीटरनंतर कॉम्प्रेशन पुन्हा मोजून तो आकडा मशीनवाल्याच्या मापांच्या कागदावरच खाली लिहावा. चारही सिलिंडर सारखे भरले असतील तरच मग इग्निशन टायमिंगला हात घालायचा.