कर्जप्रस्तावापूर्वीची वही

‘अंथरूण पाहून पाय पसरावेत’ ही आपल्याकडील जुनी शिकवण. संसाराला ती उपयुक्त आहेच. परंतु नवा उद्योग करू पाहणाऱ्यास आधी अंथरूणच मिळवावे लागते. त्यासाठी तो बँकेच्या दाराशी येतो आणि अनेक चांगल्या कल्पना तेथेच थबकतात. या संदर्भात बंगळूर शहरातील एक उदाहरण ग्राहकांनी आणि आम्हा बँक कर्मचाऱ्यांनीही स्मरणात ठेवावे असे आहे.

सन १९७८. किरण मजुमदार (आताच्या किरण मजुमदार-शॉ) ऑस्ट्रेलियात मद्यनिर्मितीचे शिक्षण घेऊन परतल्या होत्या. परंतु स्त्री असल्यामुळे त्या क्षेत्रात त्यांना येथे संधी मिळेना. तेव्हा आयर्लंडमधील एका कंपनीच्या सहकार्याने, १० हजार रुपयांच्या भांडवलावर, भाड्याच्या घरातील गॅरेजमध्ये त्यांनी ‘बायोकॉन इंडिया’ सुरू केली. पपईच्या चिकापासून पपेन हे विकर तयार करणे, हा आरंभीच्या कामांपैकी एक भाग होता. बिअर नितळ राखण्यासाठी त्याचा उपयोग होतो.

कर्ज मात्र मिळेना. वय पंचविशीचे, उद्योजक स्त्री आणि व्यवसाय अपरिचित. वडिलांनी जामीन राहावे, अशीही सूचना झाली. अखेर एका समारंभात योगायोगाने भेटलेल्या बँक अधिकाऱ्यामुळे पहिले अर्थसाहाय्य लाभले. वर्षभरातच अमेरिका व युरोपला निर्यात सुरू झाली. २००४ मध्ये या कंपनीचे समभाग शेअर बाजारात दाखल झाले.

ही कथा वाचताना प्रश्न पडतो, की तो योगायोग घडला नसता तर?

आमच्या शाखेतील एक अनुभव

काही वर्षांपूर्वी आमच्या बंगळूर शाखेत मूळच्या सोलापूरच्या एक भगिनी आल्या. शेंगाचटणी व कडक भाकरी घरी करून त्या विकत असत. यंत्र व मालासाठी त्यांना कर्ज हवे होते. मी सवयीने विचारले, “तारण काय देणार, ताई?” त्या निमूटपणे उठून गेल्या.

वस्तुतः तो प्रश्नच अनाठायी होता. रिझर्व्ह बँकेच्या तेव्हाच्या निर्देशांनुसार सूक्ष्म व लघु उद्योगांच्या १० लाख रुपयांपर्यंतच्या कर्जास तारण मागता येत नव्हते. अशा कर्जांना हमी देणारा पतहमी निधी न्यास २००० पासून, तर मुद्रा योजना २०१५ पासून कार्यरत आहे. चूक ध्यानी येताच मी त्यांना दूरध्वनी करून पुन्हा बोलाविले. त्या आल्या, त्या एक वही घेऊन. “साहेब, माझ्याकडे एवढंच आहे,” त्या म्हणाल्या. वहीत रोजची विक्री, शेंगदाण्याचा भाव, उधारी, सारे टिपलेले होते. कोणत्याही तारणापेक्षा ती वही अधिक बोलकी होती.

आराखडा कसा करावा?

प्रथम गरजेचे दोन भाग करावेत. यंत्रसामग्रीसाठी मुदत कर्ज घ्यावे आणि कच्चा माल, मजुरी व उधारी यांसाठी खेळते भांडवल. मुदत कर्जाची रक्कम मालखरेदीत अडकली की यंत्र येत नाही. खेळते भांडवल यंत्रात घातले, तर यंत्र येते पण माल आणायला पैसा उरत नाही.

खेळत्या भांडवलाचा हिशेब नायक समितीच्या पद्धतीने सोपा झाला आहे. अपेक्षित वार्षिक उलाढालीच्या २५ टक्के ही गरज मानतात. त्यांपैकी २० टक्के बँक देते, ५ टक्के उद्योजकाने घालावयाचे असतात. उलाढाल १२ लाख रुपये धरल्यास गरज ३ लाखांची; बँकेचे २ लाख ४० हजार, स्वतःचे ६० हजार. मात्र उलाढालीचा अंदाज वाढवून सांगू नये. कर्ज वाढेल तसे व्याजही वाढते; विक्री मात्र कागदावर वाढविल्याने वाढत नाही.

हप्ता ठरविताना सर्वांत मंद महिना डोळ्यांसमोर ठेवावा. त्या महिन्यात घरखर्च भागवून हप्ता देता येईल, तेवढेच कर्ज पेलणारे. उद्यम नोंदणी विनाशुल्क होते. तीही आधीच करून घ्यावी.

त्या भगिनींचे कर्ज मंजूर झाले. पहिल्या हप्त्याच्या दिवशी त्या चटणीची पुडी घेऊन आल्या. पुडी मी नम्रपणे परत केली. वही मात्र पुन्हा एकदा पाहावयास मागितली.

ग्राहकांनी बँकेत येताना अशी वही जरूर आणावी. आणि आपण, सहकारी मित्रहो, पहिला प्रश्न तिच्याविषयी विचारावा.