सिऱ्होसिस निघाला म्हणजे माणूस पीत होता?

शवविच्छेदनाच्या अहवालात ‘यकृत: सिऱ्होसिस’ एवढं वाचलं, की भाऊबंद लगेच निकाल देतात, ‘पीत असणार!’ ज्याने जन्मात थेंब घेतला नाही, त्याच्या बायकोलाही मग लोकांचे टोमणे ऐकावे लागतात. किती वेळा सांगायचं, एकटं यकृत अशी साक्ष देत नाही!

सिऱ्होसिसमध्ये यकृतात व्रणासारखे तंतू पसरतात आणि ते गाठीगाठींचं, टणक होतं. दारू हे त्याचं एक कारण. हिपॅटायटिस बी आणि सी, मधुमेह-लठ्ठपणासोबतचं फॅटी लिव्हर, विल्सनच्या आजारात साचणारं तांबं, यांतूनही तेच घडतं. सूक्ष्मदर्शकाखाली तरी फरक कळेल? त्याचीही खात्री नाही. १९८० साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या लुडविग आणि सहकाऱ्यांनी २० रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. यकृतातले बदल हुबेहूब दारुड्यांसारखे, पण हे रुग्ण दारुडे नव्हतेच.

तळहातांची लाली, छातीवरच्या कोळ्यासारख्या शिरा, पुरुषांमधली स्तनवाढ, अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा ही लक्षणंही सिऱ्होसिसची आहेत, मग त्याचं कारण कोणतंही असो. दारूचा निष्कर्ष काढायचा तर झिजलेला लहान मेंदू, स्वादुपिंडाचा जुना दाह, फुगून मोठं झालेलं हृदय, वेगवेगळ्या काळातली बरगड्यांची फ्रॅक्चर्स, घरच्यांनी दिलेली माहिती, केसांतलं एथिल ग्लुकुरोनाइड (दारूपासून शरीरात बनणारा पदार्थ) हे सगळं एकत्र पाहावं लागतं.

आणखी काही गैरसमज:

‘यकृत चांगलं, म्हणजे पीत नव्हता.’ वर्षानुवर्षं भरपूर पिणाऱ्यांपैकी साधारण १० ते २० टक्क्यांनाच सिऱ्होसिस होतो.

‘लाल, जाड नाक दारूचं.’ ते रोझेशिया या त्वचारोगामुळे होतं. न पिणाऱ्यालाही होतं.

‘मृतदेहाच्या रक्तात अल्कोहोल, म्हणजे पिऊन मेला.’ कुजणाऱ्या देहात जंतूच अल्कोहोल तयार करतात. म्हणून डोळ्यातला द्रवही तपासतात आणि रक्तात सोडियम फ्लोराइड घालून ठेवतात.

‘रक्तात अल्कोहोल नाही, म्हणजे दारूचा संबंध नाही.’ अति पिऊन, उपाशी राहून थांबलेला माणूस कीटोअॅसिडोसिसने, म्हणजे रक्तात कीटोन ही आम्लं साठून, दगावू शकतो. तेव्हा रक्तात कीटोन तपासावे लागतात.

प्रश्न फक्त बदनामीचा नाही. दारूचा शिक्का मारला की हिपॅटायटिस बी तपासायचं कुणाला सुचत नाही. तो विषाणू रक्तातून, शरीरसंबंधातून आणि आईकडून बाळाला जातो. घरच्यांची चाचणी आणि लस मात्र राहून जाते. म्हणून सिऱ्होसिसचं कारण अहवालात नसेल, तर ते मनाने ठरवू नका, डॉक्टरांना विचारा.