मालवणचा पाण्यातला किल्ला

मुलांनो, शाहूपुरीजवळच्या बसस्थानकावर मालवणची एस.टी. मिळते. राधानगरी मागे पडले, फोंडा घाट उतरला, की हवा दमट होते आणि नारळीची झाडे दिसू लागतात.

मालवणच्या धक्क्यावर उभे राहा. समोर कुरटे बेटावर सिंधुदुर्ग दिसेल. शिवाजी महाराजांनी १६६४ साली तो बांधायला घेतला. त्यांच्या आरमाराचे एक प्रमुख होते दौलतखान. किल्ला, बुरूज, दरवाजा हे शब्द तर तुमच्या घरचेच! 'जंजिरा' हा शब्दही अरबी 'जज़ीरा' म्हणजे बेट, यावरून आला.

होडीतून जाताना दरवाजा शोधून पाहा. सहजासहजी सापडणार नाही. वाट बुरुजांमधून वळते आणि मग एकदम दरवाजा येतो. शत्रूला दुरून तोफ रोखता येऊ नये, म्हणून ही योजना.

पण वेढा पडला तर प्यायचे काय? चहूकडे पाणी, तेही खारट! किल्ल्यात दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव अशा गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत. जमिनीत मुरलेले पावसाचे पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा हलके असते. म्हणून ते वर राहते. मात्र फार उपसा केला, तर खालचे खारे पाणी वर येऊ शकते.

पुढे किल्ला कोल्हापूर राज्याकडे आला. १७६५ साली इंग्रजांनी तो घेऊन 'फोर्ट ऑगस्टस' असे नाव दिले. ते नाव काही टिकले नाही.

पावसाळ्यात समुद्र खवळतो, होड्या बंद असतात. तेव्हा दिवाळीच्या सुट्टीतच जा.