हात वर... पण कशासाठी?

निकालाच्या दिवशी मी तिला ओळखलंच नाही! डोक्यापासून पायापर्यंत गुलाल, गळ्यात हार, मागे ढोल-ताशा आणि वरून जेसीबीतून फुलांचा पाऊस. आमच्या मास कॉमच्या बॅचमधली ही बया जानेवारी २०२६च्या महापालिका निवडणुकीत चक्क नगरसेविका झाली. वय वर्षं २८. शहर कोणतं आणि पक्ष कोणता, ते मात्र विचारू नका. लेखासाठी तिने घातलेली ती एकमेव अट आहे.

आमचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप जाम खूश. 'आपल्या वयाचं कुणीतरी आत गेलंय बॉस, आता बघाच!' आणि का नाही? मुंबई-पुण्यासह अनेक महापालिकांत २०१७नंतर थेट २०२६मध्येच मतदान झालं. मधली जवळपास चार वर्षं प्रशासकाचा कारभार. तक्रार घेऊन जायला हक्काचा माणूसच नाही. त्यात आता आपल्यातलीच एक!

तसं तरुणांना इथे दार केव्हापासून उघडं आहे. आमदार-खासदार व्हायला २५ वर्षं पूर्ण लागतात, नगरसेवक व्हायला २१ पुरतात. देवेंद्र फडणवीस १९९२मध्ये नागपुरात नगरसेवक झाले आणि १९९७मध्ये, २७व्या वर्षी, महापौर. तिरुअनंतपुरमच्या आर्या राजेंद्रन तर डिसेंबर २०२०मध्ये अवघ्या २१व्या वर्षी महापौर झाल्या. म्हणजे वयाचा प्रश्न नाही. प्रश्न असा, की आत गेल्यावर करायचं काय?

त्याचं उत्तर मला एका रात्री साडेअकराला मिळालं. निकालानंतर दोनेक महिन्यांनी तिचा फोन आला. 'घरी येतेस? उद्या सभा आहे, समोर शंभरेक पानांची कार्यपत्रिका पडलीय. डोकं चालेना.'

गेले. चहाचे दोन कप झाले आणि एका पानावर आम्ही दोघी अडलो. पावसाळी गटारांसाठी ठेवलेले पैसे वळवून एका रस्त्याच्या फुटपाथवर पेव्हिंग ब्लॉक बसवायचे, असा प्रस्ताव होता. पालिकेच्या भाषेत याला 'वर्गीकरण' म्हणतात. नाव इतकं कंटाळवाणं, की कुणी वाचतच नाही! पण त्या रस्त्यावरून मी रोज स्कूटरने जाते. तिथले ब्लॉक गेल्याच वर्षी बसवलेत. आणि त्यालाच लागून असलेल्या गल्लीत पावसाळ्यात गुडघाभर पाणी साचतं.

'पक्षातले काका काय म्हणाले माहितीये?' ती म्हणाली. 'ताई, फार वाचत बसू नका. आम्ही खूण केली की हात वर करायचा.'

आता इथे एक कायदेशीर भानगड आहे. १९८६च्या कायद्यानुसार पक्षाचा आदेश मोडून मतदान केलं, तर नगरसेवकपदच जाऊ शकतं. त्यामुळे मतदानाच्या वेळी हात बऱ्याचदा बांधलेले असतात. पण प्रश्न विचारायला तो कायदा आडवा येत नाही! आम्ही रात्री एकपर्यंत बसून तीनच प्रश्न काढले. हे ब्लॉक आधी कधी बसवले? ठेकेदाराचा दोषदायित्व कालावधी, म्हणजे त्याने फुकट दुरुस्ती करून द्यायची मुदत, संपली का? आणि गटाराचं काम मग कधी होणार?

दुसऱ्या दिवशी मी प्रेक्षक गॅलरीत. विषय पुकारला गेला आणि तिने हात वर केला. मतदानासाठी नव्हे, बोलण्यासाठी. मागे कुणीतरी खाकरलं. तिचा आवाज थोडा कापत होता, पण तिन्ही प्रश्न तिने विचारले. अधिकारी म्हणाले, 'माहिती घेऊन सांगतो.' विषय महिनाभर तहकूब. बस्स, एवढंच. ना हेडलाइन, ना टाळ्या. काकांनी मात्र पुढे आठवडाभर तिच्याशी बोलणं टाकलं.

मी तिला म्हटलं, 'लोक तर खूश असतील ना?' तिने न बोलता मोबाइल पुढे केला. अडतीस मेसेज. शाळेत अ‍ॅडमिशन, वाढदिवसाचा फ्लेक्स, मंडळाची वर्गणी, सोसायटीला बाक. सभेबद्दल एकही नाही. मी खाली-खाली गेले आणि थबकले. 'आमच्या गेटसमोरचा रस्ता तेवढा आधी करून दे ना यार.' पाठवणारी? मीच! कान लाल झाले माझे.

मंडळी, इथेच तर गोची आहे. आपण तरुण चेहरा निवडतो आणि त्याच्याकडून जुनीच कामं करून घेतो. बाक दिला की थँक्यू, प्रश्न विचारला तर सन्नाटा. मग पाच वर्षांत तोही शिकतो, की बाकच बरा. आणि काही बिघडलं की हात वर करतो... आपण म्हणतो तसे! प्रभागात चार-चार नगरसेवक असले तर आणखीच सोपं. प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवणार.

तर मग करायचं काय? फार नाही. महिन्यातून एकदा आपल्या नगरसेवकाला विचारा, सभेत कोणता प्रश्न मांडलात? उत्तर नसेल तर पुढच्या महिन्यात परत विचारा. आपल्या रस्त्याच्या कामाची फाइल माहितीच्या अधिकारात पाहता येते. अर्जाची फी दहा रुपये, म्हणजे आपल्या कॉफीच्या टिपपेक्षा कमी. पुण्यात तर २००६पासून नागरिकांना अंदाजपत्रकासाठी कामं सुचवता येतात. आणि कुणी चांगला प्रश्न विचारला, तर तेही कळवा की! शिव्या आपण वेळेवर देतोच, शाबासकीच तेवढी राहून जाते.

मी माझा तो मेसेज डिलीट केला. त्याऐवजी लिहिलं, 'गटाराचं काय झालं?'

परवा तिचं उत्तर आलं. 'विषय परत आलाय. उद्या अकराला सभा. येतेस?'

मी तर निघालेय. तुमच्या नगरसेवकाची पुढची सभा कधी आहे, माहितीये?