झोपेच्या वेळची पायांची अस्वस्थता आणि औषधांचे दुष्परिणाम : एक विवेचन

अंथरुणाला पाठ टेकताच पाय स्वस्थ ठेवता न येणे, पोटऱ्यांत काहीतरी वळवळल्यासारखे वाटणे आणि उठून चार पावले चालताच बरे वाटणे, ही तक्रार बहुधा थकव्याच्या किंवा वयाच्या खाती जमा केली जाते. वैद्यकशास्त्रात मात्र तिला स्वतंत्र स्थान आहे. इंग्लंडमधील वैद्य थॉमस विलिस यांनी १६७२ मध्ये तिचे वर्णन केले. स्वीडनचे चेताविकारतज्ज्ञ कार्ल-ॲक्सेल एकबोम यांच्या १९४५ मधील प्रबंधामुळे 'रेस्टलेस लेग्ज' हे नाव रूढ झाले.

हे निदान प्रामुख्याने रुग्णाच्या कथनावरून होते. पाय हलविण्याची अनावर इच्छा, विश्रांतीत तिची वाढ, हालचालीने उतार आणि सायंकाळनंतर जोर, ही तिची लक्षणे होत. पायात गोळा येणे याहून भिन्न; त्यात स्नायू कडक होऊन दुखतो.

मेंदूत डोपामिन तयार होण्यास लोह आवश्यक असते व या विकारात मेंदूतील लोह कमी आढळते. हिमोग्लोबिन योग्य असूनही लोहाचा साठा रिता असू शकतो. म्हणून फेरिटिन तपासणे इष्ट ठरते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) नुसार भारतातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त होत्या, हे येथे विसरता येत नाही. गर्भारपण आणि मूत्रपिंडाचे विकार हीदेखील ज्ञात कारणे आहेत.

दुर्लक्षित राहते ते औषधांचे कारण. सर्दी-ॲलर्जीवरील गुंगी आणणारी औषधे, उलटीवरील मेटोक्लोप्रमाइड, मिर्टाझपिनसारखी काही नैराश्यविरोधी औषधे आणि डोपामिनचे कार्य रोखणारी मनोविकारावरील औषधे ही अस्वस्थता निर्माण करू शकतात किंवा वाढवू शकतात. डायफेनहायड्रामिन तर झोप यावी म्हणूनच घेतले जाते! पाय वळवळतात म्हणून झोप नाही, झोप नाही म्हणून गोळी, आणि गोळीने पाय अधिकच वळवळतात, असे हे दुष्टचक्र आहे. रुग्ण दोन डॉक्टरांकडे जात असेल, तर ते कोणाच्याच ध्यानी येत नाही.

उपचाराचे औषधही यास अपवाद नाही. प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल यांनी आरंभी उत्तम गुण येतो. परंतु दीर्घ वापरानंतर लक्षणे दुपारीच सुरू होतात, कधी हातांपर्यंत पसरतात. मात्रा वाढविल्यास विकार बळावतो. अमेरिकन निद्रावैद्यक अकादमीच्या २०२५ च्या मार्गदर्शक सूचनांत या औषधांचा सरसकट वापर टाळण्यास सांगून गॅबापेंटिनसारख्या औषधांना पसंती दिली आहे.

म्हणून तक्रार केव्हा सुरू झाली आणि त्याच सुमारास कोणते औषध नव्याने चालू झाले किंवा कोणाची मात्रा वाढली, याची तारीखवार नोंद डॉक्टरांसमोर ठेवावी. दुकानातून परस्पर घेतलेल्या गोळ्यांसह. संशयित औषध मात्र स्वतःहून बंद करू नये. नैराश्यावरील औषध एकाएकी थांबविल्यास मूळ आजार उलटण्याचा धोका असतो. पर्यायी औषध निवडणे किंवा मात्रा हळूहळू उतरविणे हे काम डॉक्टरांचे आहे.