फार लॅपच्या पाठीवरचे शिसे

घोड्यांच्या शर्यती म्हणजे पैशाचा चुराडा आणि घरादाराचा सत्यानाश, हे समीकरण आपल्याकडील पांढरपेशा वर्गाच्या मनात पिढ्यान्‌पिढ्या पक्के बसलेले आहे. आणि ते सर्वस्वी निराधार आहे, असेही म्हणता येणार नाही. परंतु एखाद्या घोड्याच्या चरित्रात त्या काळच्या समाजाचा चेहरा इतका स्पष्ट उमटतो की, जुगाराविषयीची नापसंती क्षणभर बाजूला ठेवून ते चरित्र वाचावे लागते. १९२९ ते १९३२ या काळात ऑस्ट्रेलियातील मैदाने गाजविणारा फार लॅप हा असा घोडा होता. ५१ शर्यती आणि ३७ विजय हा त्याचा हिशेब. त्याच्याहून अधिक शर्यती जिंकणारे घोडे पुष्कळ होऊन गेले. पण या घोड्याला मागे टाकील असा दुसरा घोडा सापडेना, तेव्हा त्याच्या पाठीवर शिसे चढविण्यात आले, आणि ते वर्षागणिक वाढत गेले. फार लॅपची खरी कथा या शिशाची आहे.

तिचा आरंभ दारिद्र्यात झाला. हॅरी टेलफर्ड हा सिडनीतील एक नशिबाने मागे पडलेला प्रशिक्षक. स्वतःचा घोडा घेण्याची ऐपत नाही आणि श्रीमंत मालक आपले घोडे त्याच्याकडे सोपवीत नाहीत, अशी त्याची स्थिती. वंशावळींचा अभ्यास हे त्याचे एकमेव भांडवल होते. १९२८ च्या आरंभी न्यूझीलंडमधील लिलावाची यादी चाळताना ‘नाइट रेड’ हा पिता आणि ‘एन्ट्रिटी’ ही माता असलेल्या एका शिंगराकडे त्याचे लक्ष गेले. ४ ऑक्टोबर १९२६ रोजी टिमारू या गावाजवळ ते जन्मले होते. टेलफर्डने डेव्हिड डेव्हिस या अमेरिकन व्यापाऱ्याला गळ घातली, न्यूझीलंडमध्ये राहणाऱ्या आपल्या भावाला बोली लावावयास सांगितले आणि अवघ्या १६० गिनींत शिंगरू पदरात पाडून घेतले.

जहाजातून उतरलेले ते ध्यान पाहून डेव्हिस संतापला. लांबलचक पाय, बेढब अंग, तोंडावर चामखिळी. याच्या शिक्षणावर एक पैही खर्च करणार नाही, असे त्याने बजावले. तेव्हा टेलफर्डने तो घोडा तीन वर्षांच्या कराराने भाड्याने घेतला. खर्च सगळा टेलफर्डचा. मिळकतीतील तिसरा हिस्सा मात्र डेव्हिसचा. ज्या मालाची लाज वाटते त्यावरचा हक्क न सोडता त्याचा खर्च दुसऱ्याच्या गळ्यात घालण्याची ही रीत केवळ घोड्यांच्या धंद्यात आढळते असे नाही!

घोड्याचे नाव आग्नेय आशियातील एका भाषेतून आले. ‘फार लॅप’ म्हणजे वीज. पण ही वीज चमकावयास वेळ लागला. पहिल्या शर्यतीत तो शेवटचा आला. पहिल्या दहा शर्यतींत त्याला एकच विजय मिळाला, तोही २७ एप्रिल १९२९ रोजी, नवशिक्या घोड्यांच्या शर्यतीत. टेलफर्ड त्याला वाळूच्या टेकड्यांवरून निर्दयपणे पळवीत असे. टॉमी वुडकॉक नावाचा तरुण मोतद्दार त्याची देखभाल करी, त्याला ‘बॉबी’ म्हणून हाक मारी. आणि घोडाही त्याच्याखेरीज इतरांना फारशी दाद देत नसे. सप्टेंबर १९२९ पासून मात्र चित्र पालटले. तेथून पुढच्या ४१ शर्यतींपैकी ३६ त्याने जिंकल्या. जिम पाइक या कसलेल्या जॉकीला त्याच्यावर बसून फारसे काही करावे लागत नसे.

येथे ‘हॅन्डिकॅप’ या प्रकाराचा थोडा खुलासा करणे अवश्य आहे. महालक्ष्मीच्या वा पुण्याच्या मैदानाकडे ज्यांची पावले वळतात त्यांना तो ठाऊक असतो. इतरांसाठी इतकेच सांगावयाचे की, अशा शर्यतीत सर्व घोड्यांनी सारखे ओझे वाहावयाचे नसते. हॅन्डिकॅपर नावाचा अधिकारी प्रत्येक घोड्याची आजवरची कामगिरी पाहून त्याने किती वजन वाहावयाचे ते ठरवितो. जॉकी व खोगीर यांचे मिळून वजन त्याहून कमी भरले, तर उरलेल्या वजनाच्या शिशाच्या पट्ट्या खोगिराखाली घालतात. उत्तम घोड्यावर अधिक ओझे, सुमार घोड्यावर कमी. सर्व घोडे अंतिम रेषेवर एकाच क्षणी पोहोचावेत, हा हॅन्डिकॅपरचा आदर्श असतो.

वरवर पाहता ही व्यवस्था न्यायाची, किंबहुना समतेची वाटते. दुर्बळाला संधी द्यावी, सबळाने अधिक भार वाहावा, हे तत्त्व कोणाला अमान्य होईल? परंतु या समतेचा उगम घोड्यांविषयीच्या कणवेत नाही. शर्यतीचा निकाल आधीच ठाऊक असेल तर पैज कोण लावील? पैज लागली नाही तर मैदान कसे चालेल? निकाल अनिश्चित राहावा, ही बाजाराची गरज आहे, आणि शिसे हे ती भागविण्याचे साधन आहे. दुर्बळाला बळ देणे निराळे आणि बलवानाला थकविणे निराळे. हॅन्डिकॅपमध्ये सुमार घोडा तसूभरही सुधारत नाही; उत्तम घोडा तेवढा दमतो.

मेलबर्न कप ही याच प्रकारची शर्यत. १८६१ मध्ये सुरू झालेली, दोन मैलांची, नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी होणारी. त्या दिवशी मेलबर्न शहराला सुटी असते. १९२९ मध्ये तीन वर्षांचा फार लॅप या शर्यतीत उतरला तेव्हा त्याच्यावर १०४ पौंडांचे ओझे होते. एवढ्या हलक्या वजनात पाइकला बसता येईना, म्हणून जॉकी बदलावा लागला. नव्या स्वाराशी घोड्याने झटापट केली आणि तो तिसरा आला, ‘नाइटमार्च’ जिंकला. पुढच्या वर्षी त्याच शर्यतीसाठी फार लॅपवर १३८ पौंड लादण्यात आले.

ते १९३० चे वर्ष ऑस्ट्रेलियाला कठीण होते. लोकर आणि गहू यांचे भाव कोसळले होते, कारखाने बंद पडत होते. बँक ऑफ इंग्लंडचे सर ओटो निमायर त्याच वर्षी येऊन, ऑस्ट्रेलियन जनतेने आपल्या ऐपतीबाहेर राहणे सोडावे, असा उपदेश करून गेले. सावकाराचा माणूस दारात बसून काटकसरीचे धडे देतो, तेव्हा घरातल्यांना कसे वाटते ते सांगावयास नको. पुढे दोन वर्षांत दर दहा कामगारांमागे सुमारे तिघे बेकार झाले. अशा काळात त्या देशाला दोन मानबिंदू सापडले. एक डॉन ब्रॅडमन. त्याने त्याच उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये एका मालिकेत ९७४ धावा काढल्या होत्या. दुसरा हा १६० गिनींचा घोडा. ज्याच्या खिशात शिलिंग उरला नव्हता त्याने फार लॅपवर पैसे लावले असतील, ही शक्यता थोडी. त्याच्यावर पैसे लावून मिळणारही काय होते? कपच्या दिवशी त्याचा भाव ११ लावून ८ मिळण्याचा होता. लोक येत ते त्याला जिंकताना पाहावयास. हरण्याची सवय झालेल्यांना एक तरी जिंकणारा हवा होता.

बुकींचे गणित मात्र वेगळे होते. कॉलफिल्ड कप ‘अमाउनिस’ जिंकेल आणि मेलबर्न कप फार लॅप, अशा जोडपैजा मोठ्या प्रमाणात लागल्या होत्या आणि अमाउनिस जिंकून बसला होता. १ नोव्हेंबर १९३० च्या पहाटे सराव आटोपून वुडकॉक फार लॅपला घेऊन परतत असता एका मोटारीतून गोळीबार झाला. नेम चुकला. त्याच दिवशी दुपारी हा घोडा मैदानात उतरला आणि जिंकला. त्यानंतर त्याला जिलॉन्गजवळच्या एका अश्वपैदास केंद्रात लपवून ठेवण्यात आले. ४ नोव्हेंबरला १३८ पौंड पाठीवर घेऊन त्याने मेलबर्न कप तीन घोड्यांच्या लांबीइतक्या अंतराने जिंकला. ६ आणि ८ नोव्हेंबरला आणखी दोन शर्यती. आठ दिवसांत चार विजय, आणि त्याआधी बंदुकीच्या गोळ्या! शिशाचा हा दुसरा प्रकार. पहिला नियमात बसणारा, दुसरा न बसणारा. हेतू दोहोंचा एकच.

१९३१ च्या कपसाठी हॅन्डिकॅपरने त्याच्या नावापुढे १५० पौंड लिहिले. या आकड्याचा अर्थ कळण्यासाठी ‘कार्बाइन’ची आठवण करावी लागते. १८९० मध्ये कार्बाइनने १४५ पौंड वाहून ही शर्यत जिंकली होती. त्याहून अधिक वजन घेऊन मेलबर्न कप जिंकणारा घोडा त्यापूर्वी झाला नव्हता आणि आजतागायत झालेला नाही. फार लॅपला त्याच्याही पुढे पाच पौंड देण्यात आले. अखंड श्रमाने घोडा थकला आहे, त्याला या शर्यतीतून काढून घ्यावे, असे टेलफर्डचे मत होते. तोवर भाडेकरार संपला होता आणि टेलफर्डने चार हजार पौंड मोजून निम्मी मालकी विकत घेतली होती. पण उरलेली निम्मी डेव्हिसची होती, आणि डेव्हिसला तो धावावयास हवा होता. तो धावला. आठवा आला. ‘व्हाइट नोज’ नावाचा, कितीतरी हलके ओझे असलेला घोडा जिंकला. शेवटच्या टप्प्यात, आता हे होणे नाही असे दिसताच, पाइकने त्याला फार ताणले नाही. या पराभवाबद्दल लोकांनी घोड्याला बोल लावला नाही. त्यांचा राग हॅन्डिकॅपरवर होता.

या प्रसंगानंतर वर्षभरातच इंग्लंडचा क्रिकेट संघ ब्रॅडमनला रोखण्यासाठी शरीरवेधी गोलंदाजीचा बेत घेऊन ऑस्ट्रेलियात उतरला. त्या गोलंदाजीवर जो आक्रोश झाला तो सर्वश्रुत आहे. ब्रॅडमनला निदान बॅट होती.

डेव्हिसची दृष्टी आता अमेरिकेकडे होती. टेलफर्ड मागे राहिला आणि वुडकॉक प्रशिक्षक म्हणून घोड्याबरोबर जहाजावर चढला. मेक्सिकोच्या सरहद्दीवरील तिहुआना येथे आग्वा कॅलिएन्टे हॅन्डिकॅप ही मोठ्या बक्षिसाची शर्यत होती. मंदीमुळे तेथील बक्षीसही कापले गेले होते. गवताऐवजी मातीचे मैदान, परके हवामान, लांबचा सागरप्रवास, खुराला पडलेली चीर आणि पाठीवर १२९ पौंड. २० मार्च १९३२ रोजी बिली एलियट या जॉकीने त्याला आरंभी मागेच ठेवले आणि मग बाहेरच्या बाजूने एकेकाला मागे टाकीत पुढे काढले. त्या मैदानावरचा विक्रम मोडून फार लॅप जिंकला.

ही त्याची शेवटची शर्यत ठरली. सोळा दिवसांनी, ५ एप्रिल १९३२ रोजी, सॅन फ्रॅन्सिस्कोजवळ मेन्लो पार्क येथील तबेल्यात पहाटे वुडकॉकला तो वेदनांनी तळमळताना आढळला. अंगात ताप होता. काही तासांतच रक्तस्राव होऊन त्याने वुडकॉकच्या देखत प्राण सोडला. वय साडेपाच वर्षे. तो खच्ची केलेला असल्यामुळे त्याचा वंशही मागे राहिला नाही.

अमेरिकनांनी आमच्या घोड्याला विष घातले, ही समजूत ऑस्ट्रेलियात दोन पिढ्या टिकली. विज्ञानाने तिच्यात लक्ष घातले ते फार उशिरा. सन २००० मध्ये काही तज्ज्ञांनी आतड्याच्या एका तीव्र विकाराकडे बोट दाखविले. २००८ मध्ये त्याच्या आयाळीतील सहा केसांची क्ष-किरणांनी तपासणी झाली आणि मृत्यूपूर्वी ३० ते ४० तासांच्या सुमारास त्याच्या पोटात सोमलाची मोठी मात्रा गेली होती, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला. तेव्हा कट होता, असे म्हणावयास अनेकांना हुरूप आला. परंतु त्याच वर्षी मेलबर्नच्या संग्रहालयाने टेलफर्डची एक वही लिलावात विकत घेतली. तीत घोड्यांना पाजावयाच्या शक्तिवर्धक औषधांच्या कृती आहेत, आणि त्यांत सोमल आहे, कुचल्याचे विषही आहे. त्या काळी भूक वाढावी, अंगावर तकाकी यावी म्हणून घोड्यांना सोमल देण्याचा सर्रास प्रघात होता. परक्या शत्रूचे काम मानावे की पौष्टिक म्हणून दिलेल्या मात्रेतील चूक मानावी, हा प्रश्न केसांच्या तपासणीने सुटत नाही. शत्रूने मारले असे मानणे नेहमीच सोपे जाते. मात्र कमाईच्या हव्यासात विश्रांतीऐवजी औषध देण्याची जी रीत तबेल्यांत रुळली होती, तिला या प्रकरणात निर्दोष म्हणून सोडून देणे कठीण आहे.

वुडकॉक नंतर स्वतः प्रशिक्षक झाला. १९७७ मध्ये त्याने तयार केलेला ‘रेकलेस’ मेलबर्न कपमध्ये दुसरा आला, तेव्हा हा म्हातारा जिंकावा म्हणून सारे मैदान उभे राहिले होते. १९८५ मध्ये तो वारला.

फार लॅपच्या देहाची वाटणी मृत्यूनंतरही चालू राहिली. न्यूयॉर्कच्या कारागिरांनी पेंढा भरून उभे केलेले त्याचे कातडे मेलबर्नला गेले. सांगाडा जन्मभूमीचा म्हणून न्यूझीलंडला, वेलिंग्टनला मिळाला. हृदय कॅनबेराला. ते ६.२ किलोग्रॅमच्या आसपास भरले. सर्वसाधारण घोड्याच्या हृदयापेक्षा कितीतरी जड. २०१० मध्ये मेलबर्न कपच्या दीडशेव्या शर्यतीनिमित्त वेलिंग्टनच्या संग्रहालयाने सांगाडा काही काळ उसना दिला आणि मेलबर्नमध्ये तो त्याच्याच कातड्याशेजारी उभा करण्यात आला. हृदय मात्र कॅनबेराहून हलविता आले नाही. ते इतके जीर्ण झाले आहे की प्रवासाचा धक्का त्याला सोसणार नाही, असे तेथील तज्ज्ञांचे मत पडले.